हवामानशास्त्रातला पोस्टडॉक: अर्ज कुठे अडतो? या चुका टाळा

थिसिस जमा झालेला, व्हायवाची (थिसिसच्या तोंडी परीक्षेची) तारीख येत नाही, फेलोशिप संपलेली आणि घरून रोज एकच प्रश्न, "मग आता पुढे काय?" अशा अवस्थेत एका रविवारी मी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागेसाठी, चाळीस प्राध्यापकांना एकच मेल पाठवला होता. फक्त वरचं नाव बदलत गेलो. एका ठिकाणी तेही बदलायचं राहिलं. उत्तरं आली तीन. दोन नकार आणि एक सुट्टीवर असल्याचा ऑटो-रिप्लाय.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असतो. आमच्या गटात जागा निघाली की अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडे येते. आपल्याकडच्या मुलामुलींचे अर्ज ओळखू येतात, आणि वाईट याचं वाटतं की काम चांगलं असूनही ते बाजूला पडतात. आपण परीक्षेचा फॉर्म भरावा तसा अर्ज भरतो: पदव्या, टक्के, नेटचा रँक, सेमिनारची प्रमाणपत्रं. वाचणाऱ्याला मात्र प्रकल्पात अडलेल्या कामासाठी माणूस हवा असतो, आणि या माणसाला त्या प्रश्नात रस आहे का, एवढंच तो शोधत असतो.

मॉडेलचं नाव येतं, प्रश्न येत नाही

सीव्हीत पहिल्या पानावर "डब्ल्यूआरएफ, रेगसीएम, पायथन, ग्रॅड्स, एनसीएल" अशी माळ असते. डब्ल्यूआरएफ, म्हणजे वर्फ हे हवामानाचं मॉडेल, चालवता येतं हे आता कौतुकाचं राहिलं नाही, ते एमटेकलाच शिकवतात. आणि यादीत नुसतं ग्रॅड्स आणि एनसीएल (हवामानाची चित्रं काढायची जुनी साधनं) असेल तर वाचणारा थबकतो, कारण एनसीएलची वाढ एनकारने (अमेरिकेतल्या वातावरण-संशोधन केंद्राने) 2019 मध्येच थांबवून पायथनकडे मोर्चा वळवला. जुनं येतं हे लिहायला हरकत नाही, पण सोबत आजचं काही हवं. गिटहबवर तुमचा एक नीटनेटका कोड असला तर दहा सॉफ्टवेअरची नावं लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

खरी गोची मुलाखतीत होते. "ही कन्व्हेक्शन स्कीम का निवडलीत?" या प्रश्नाला "आमच्या लॅबमध्ये हीच वापरतात" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्यही पाठ आहे. ही स्कीम म्हणजे मॉडेलच्या जाळीच्या चौकोनात न दिसणाऱ्या उंच ढगांचा अंदाज बांधायची पद्धत; जाळी 3 किलोमीटरची असताना ती चालू ठेवायची की बंद, यावर तुमचं काही मत असायला हवं. चुकीचं असलं तरी चालेल.

एक प्रसंग सांगतो. कोकणातल्या अतिवृष्टीवर काम केलेला एक मुलगा होता, ऑनलाइन मुलाखत. स्लाइडवर आयएमडीचा (भारतीय हवामान विभागाचा) जाळीबद्ध पाऊस आणि इरा-5 (निरीक्षणं आणि मॉडेल जोडून केलेली युरोपीय हवामान-विदा) यांचा दिवसागणिक मेळ दाखवलेला. मेळ फारच कमी होता. निष्कर्ष: इरा-5 कोकणात विश्वासार्ह नाही. पॅनेलमधल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचा दिवस कधी सुरू होतो?" तो म्हणाला, "मॅडम, मी साडेनऊपर्यंत लॅबमध्ये येतो."

सगळे हसले, तोही हसला. मग त्याच्या लक्षात आलं. आयएमडीचा पावसाचा दिवस भारतीय वेळेनुसार सकाळी 8:30 ला संपतो, म्हणजे 03 यूटीसीला (ग्रीनिचच्या जागतिक वेळेनुसार पहाटे तीनला), आणि आदल्या सकाळपासूनचा सगळा पाऊस त्या तारखेवर नोंदला जातो. याने इरा-5 चे तास 00 ते 24 यूटीसी असे जोडले होते. म्हणजे एकाच तारखेच्या दोन आकड्यांमध्ये सामाईक वेळ फक्त तीन तासांची! मेळ बसणार कुठून? 26 जुलै 2005 चा मुंबईचा पाऊस आठवा. सांताक्रूझचे ते 944 मिलिमीटर 27 तारखेच्या सकाळी 8:30 ला संपलेल्या चोवीस तासांतले आहेत, म्हणून आयएमडीच्या फाइलमध्ये 26 तारीख उघडली तर ते तिथे सापडतच नाहीत. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर पडला होता. जवळजवळ 31 किलोमीटरच्या जाळीचा इरा-5 हा फरक कसा दाखवणार, हा खरं तर त्या मुलाचा पुढचा प्रश्न असायला हवा होता.

त्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेळ सरकवून काढलेला नवा नकाशा पाठवला, सोबत दोन ओळी: चूक कुठे झाली आणि दुरुस्तीनंतरही कुठे मेळ बसत नाही. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली होती. पण काही महिन्यांनी दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे आले, तेव्हा पहिला मेल त्याला गेला.

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली मोटिव्हेटेड..."

या मेलचं पुढे काय होतं ते माझ्या चाळीस मेलवरून कळलंच असेल. उपयोगी पडतो तो छोटा मेल. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट, जसं की तुमच्या मॉडेलमध्ये पश्चिम घाटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला पाऊस कमी येतो असं दिसतं. पुढच्या दोन ओळींत तुमच्या थिसिसमधलं त्याला जोडणारं काही: मी याच पट्ट्यातल्या ढगांच्या निरीक्षणांवर काम केलंय, माझ्या मते गडबड सूक्ष्मभौतिकीत (ढगातल्या थेंबांच्या हिशेबात) आहे. शेवटी सरळ प्रश्न: पैसे उपलब्ध आहेत का, की आपण मिळून फेलोशिपसाठी अर्ज करूया? सीव्ही दोन पानांची. वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, धर्म, फोटो, सही केलेलं "वरील माहिती खरी आहे" हे सगळं काढून टाका. असे मेल दिवसाला दोनच लिहून होतात, हे खरं.

आणि मेल कोणाला पाठवताय ते बघा. विभागप्रमुखाला पाठवून उपयोग नसतो, त्याच्या हाताखालच्या तरुण गटप्रमुखाला नवं अनुदान मिळालेलं असतं. एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नाला ईजीयूची (युरोपीय भूविज्ञान संघाची) सभा भरते, तिथे जायला पैसे नसले तरी गोषवारे सगळ्यांना वाचायला खुले असतात. कोण कशावर काम करतंय आणि कुणाचा गट वाढतोय हे त्यातून कळतं.

तारखांचा घोळ

आपल्याकडे पीएचडी नेमकी कधी "मिळाली", याची तीन उत्तरं असतात: व्हायवाची तारीख, विद्यापीठाच्या नोटिफिकेशनची तारीख आणि दीक्षान्त समारंभाची तारीख. यांत सहज वर्षभराचं अंतर पडतं. परदेशातल्या बहुतेक फेलोशिपची मुदत या तारखेवरून मोजतात. जर्मनीतल्या हुम्बोल्टच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर चार वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. मारी क्युरीला (युरोपीय संघाच्या फेलोशिपला) आठ वर्षांची मर्यादा लागत आली आहे. नियम दर फेरीला थोडे सरकतात, म्हणून त्या वर्षीची मार्गदर्शिका उघडून नेमका शब्द वाचा. "डिफेंड" म्हटलंय की "ॲवॉर्ड", यावर तुमचा अर्ज बसणार की नाही ठरतं. जाहिरातीत "रुजू होताना पदवी हवी" आणि "अर्ज करताना पदवी हवी" यांतला फरकही असाच. व्हायवा झाल्याझाल्या प्रोव्हिजनल सर्टिफिकेटच्या मागे लागा, विद्यापीठाच्या खिडकीवर स्वतः जाऊन.

मारी क्युरीचा स्थलांतराचा नियम तर अनेकांना अर्ज भरताना कळतो. ज्या देशात जायचंय तिथे मुदतीआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिला असाल तर त्या देशासाठी दरवाजा बंद. जर्मनीत दीड वर्ष प्रकल्पावर काम करून मग जर्मनीसाठीच मारी क्युरी लिहायला बसलेले दोघं मला माहीत आहेत. त्यांनी उन्हाळाभर खपून प्रस्ताव लिहिला होता. तोच प्रस्ताव नेदरलँड्स किंवा नॉर्वेतल्या गटाबरोबर चालला असता.

देशातल्या एनपीडीएफला, म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला (पूर्वी सर्ब ही सरकारी संस्था द्यायची, आता तिच्या जागी आलेली एएनआरएफ) वयाची 35 वर्षांची अट आहे, महिलांना आणि राखीव गटांना सवलत मिळते. वय आपोआप वाढतं, त्यामुळे ही खिडकी आधी बघा.

झेपणार नाही असा प्रस्ताव

"संपूर्ण भारतासाठी 1 किलोमीटर जाळीवर 30 वर्षांचं अनुरूपण (सिम्युलेशन)." वाचायला भारी वाटतं. हिशेब करू. जाळीची लांबी निम्मी केली की दोन्ही दिशांनी मिळून चौपट चौकोन होतात, आणि वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे काम आठपट. 9 वरून 3 किलोमीटरवर गेलात तर 27 पट, 3 वरून 1 वर गेलात की पुन्हा 27 पट. 9 ते 1 या प्रवासात सातशेपट गणन वाढलं, साठवणुकीचा विचार अजून केलेलाच नाही. प्रस्ताव तपासणारा हा गुणाकार मनातल्या मनात करतो. त्यापेक्षा अतिवृष्टीचे आठ-दहा प्रसंग निवडा, बारीक जाळी त्यांच्यापुरतीच ठेवा, आणि का निवडले ते लिहा.

दुसरी गल्लत विदेची, म्हणजे डेटाची. आयएमडीचा 0.25 अंशाचा पाऊस पुण्याच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवता येतो. स्थानकांची तासागणिक नोंद मात्र अर्ज करून, हमीपत्र देऊन मिळते. तुमच्या गाइडच्या नावावर घेतलेली ती फाइल पेन-ड्राइव्हवर परदेशी न्यायची आणि तिच्यावर दोन वर्षांचा प्रस्ताव उभारायचा, हे बसत नाही. आधी परवानगीचा कागद हातात घ्या.

शिफारसपत्र

"ही इज सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर." आपल्या पत्रांतलं हे वाक्य तिकडे निरुपयोगी ठरतं, कारण ते कुणाबद्दलही लिहिता येतं. सरांना पत्र मागताना एक पानभर प्रसंग लिहून द्या: रडारची विदा साफ करताना कुठला दोष मी शोधला, पेपरमधली कुठली कल्पना माझी होती, कुठल्या ज्युनियरला मी शिकवलं. सर कामात असतात, त्यांना हे मिळालं तर बरंच वाटतं. तीन आठवडे आधी द्या, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी "सर, तेवढं पत्र..." असा एक मेल टाकायला लाजू नका.

पैसे, करार, व्हिसा

जर्मनीत प्रकल्पाच्या जागेवर ई-13 या सरकारी वेतनश्रेणीचा पगार असतो, त्यातून कर आणि विम्यापोटी एकट्या माणसाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापला जातो. हुम्बोल्टचं विद्यावेतन वेगळं, ते पगार नाही, त्यात पेन्शनचे पैसे भरले जात नाहीत. मारी क्युरीच्या पत्रकातला आकडा मालकाचा वाटा धरून असतो, हातात येणारा बराच कमी. तो गुणिले शंभर करून गावाकडे सांगू नका, नंतर पंचाईत होते.

अमेरिकेचं सध्या जपून. 2025 मध्ये नोआतली (तिथल्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेतली) माणसं कमी झाली, संशोधनाच्या निधीवर टांगती तलवार आहे. मुलाखतीत संकोच न करता विचारा: अनुदान मंजूर झालंय की अर्ज केलाय, आणि कोणत्या महिन्यापर्यंत? जे-1 व्हिसावर संशोधक म्हणून गेलात तर तो संपल्यावर त्याच संशोधक प्रकारात 24 महिने परत येता येत नाही, म्हणून सहा महिन्यांच्या छोट्या कामासाठी तो वाया घालवू नका. काही जे-1वाल्यांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं; ती अट ज्या कौशल्य-यादीवरून लागते तिच्यातून डिसेंबर 2024 मध्ये भारताचं नाव निघालं. मात्र सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अट अजूनही लागू शकते.

भारताकडे पाठ

"बाहेर नाही मिळालं तर इथे बघू" असं म्हणत जो आयआयटीएमला (पुण्यात पाषाणला असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेला) मेल पाठवतो, त्याचा सूर पाषाणला लगेच ओळखतात. तिथे 11.77 पेटाफ्लॉपचा अर्क महासंगणक आहे, महाबळेश्वरला ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या मिशन मौसम या केंद्र सरकारच्या हवामान-योजनेमुळे कामही वाढलंय. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र, दोनापावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था). मान्सूनवर काम करायचं तर मान्सूनच्या गावात राहण्याचा फायदा आहेच. पुण्यात वाढलेल्या मान्सून-संशोधक सुलोचना गाडगीळ हार्वर्डची पीएचडी आणि एमआयटीतला पोस्टडॉक करून 1971 मध्ये आयआयटीएमलाच परतल्या. पुढे 1980 मध्ये हवामानशास्त्रज्ञ सिक्कांबरोबर त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून मान्सूनच्या ढगपट्ट्यावर पेपर लिहिला, तो आजही वाचावा लागतो.

आणि घड्याळ

हे लिहिताना त्या साडेनऊवाल्या मुलाला हसलो, पण माझंही एक आहे. माझी पहिली खरी मुलाखत मार्चच्या शेवटच्या सोमवारी होती, युरोपात सकाळी 10 वाजता. फरक साडेचार तासांचा, म्हणून दुपारी अडीचला मी इस्त्री केलेला शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलो. आदल्या दिवशी, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारी, युरोपाने घड्याळं एक तास पुढे केली होती. फरक साडेतीन तासांवर आला होता. मी लिंक उघडली तेव्हा पॅनेल उठून गेलं होतं. माफीचा मेल लिहिला, त्यांनी दोन दिवसांनी वेळ दिली. नव्या निमंत्रणात वेळ लिहिली होती "08:00 यूटीसी", आणि खाली एक कंसातलं वाक्य: तुम्ही हवामानवाले आहात, हे तुम्हाला जमेल.