रेडिएटर पुन्हा बसवताना: उमेदवारीतले अनुभव

भिंतीला रंग द्यायचा म्हणून रेडिएटर, म्हणजे आतून फिरणाऱ्या गरम पाण्याने खोली उबदार ठेवणारा भिंतीवरचा पत्रा, उतरवून ठेवायचा आणि दोन दिवसांनी परत टांगायचा, एवढेच काम माझ्या वाट्याला प्लंबिंगच्या उमेदवारीच्या दुसऱ्या महिन्यात आले. नवा पाइप टाकायचा नव्हता, डाग द्यायचा नव्हता, त्यामुळे ते मला फारच किरकोळ वाटले. संध्याकाळी पाणी तापवणारा बॉयलर सुरू केला तेव्हा मी सोडलेले दोन्ही जोड कोरडे होते, आणि मी हातही न लावलेल्या खालच्या जोडातून मात्र पाणी ठिबकत होते.

वरचा नट आवळताना मी व्हॉल्व्ह दुसऱ्या पान्याने धरून ठेवला नव्हता. नटाबरोबर व्हॉल्व्ह किंचित फिरला आणि त्याच्या बुडाशी, जिथे १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप नट व कडीच्या दाबाने बसवलेला असतो, तो वर्षानुवर्षे स्थिर असलेला जोड हलला. तेव्हापासून दोन पाने हातात असल्याशिवाय मी रेडिएटरच्या नटाला हात लावत नाही. एक पाना फिरवण्यासाठी असतो, दुसरा विरुद्ध दिशेने धरून ठेवण्यासाठी. आणि दोहोंत दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

पुढे गळण्याची बरीचशी बीजे उतरवतानाच पेरली जातात. एका टोकाला तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो आणि दुसऱ्या टोकाला टोपीखाली लॉकशील्ड, म्हणजे पाण्याचा प्रवाह किती असावा हे ठरवून ठेवणारा व्हॉल्व्ह. लॉकशील्ड बंद करताना तो किती फेरे फिरला हे मोजून कागदावर लिहावे, कारण परत तितकाच उघडला नाही तर घरातल्या इतर रेडिएटरांशी साधलेला पाण्याचा समतोल बिघडतो. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचे डोके नुसते सर्वांत खालच्या खुणेवर आणून थांबू नये. खोली गारठली की तो आपोआप उघडतो, आणि डोके काढून ठेवले तर आतली पिन वर येऊन तो पूर्णच उघडतो. डोक्याच्या जागी पिन दाबून धरणारी बंद टोपी बसवावी आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडालाही बूच लावावे.

नट थोडा सैल करून खाली पसरट भांडे ठेवावे आणि मगच वरची हवा सोडण्याची तोटी उघडावी. हवा आत शिरल्याखेरीज पाणी नीट उतरत नाही. हे पाणी शाईसारखे काळे असते. लोखंड गंजून तयार झालेला हा गाळ गालिच्यावर पडला तर डाग सहसा जात नाही, म्हणून रेडिएटर उचलतानाही उघडी टोके वरच्या बाजूला राहतील असा कलता धरावा.

आता बसवण्याकडे वळू. येथे दोन वेगळे जोड आहेत आणि नवशिके त्यांत हमखास गल्लत करतात. रेडिएटरच्या अंगात जाणारी अर्ध्या इंचाची आट्यांची नळी आट्यांवरच सील होते, म्हणून तिला टेफ्लॉन टेप लागते. जुनी टेप तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडून काढावी आणि नवी टेप, नळीचे आट्याचे तोंड आपल्याकडे ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून दहा-बारा वेढे गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप नळी आवळताना उलगडते आणि आट्यांबाहेर गोळा होते. तसे दिसले तर नळी पुन्हा काढावी. दुसरा जोड व्हॉल्व्हच्या मोठ्या नटाचा. तेथे धातूचे उतरते तोंड धातूवर टेकून पाणी अडते आणि नटाचे आटे केवळ ती तोंडे एकमेकांवर दाबतात. त्या आट्यांवर टेप गुंडाळणे व्यर्थ आहे. त्याऐवजी दोन्ही तोंडे कापडाने पुसावीत, आणि बोटाच्या नखाने चाचपून चरा किंवा चिकटलेला कण नाही ना हे पाहावे.

रेडिएटर भिंतीवरच्या कंसांवर (ब्रॅकेटवर) टांगल्यावर नट आधी बोटांनीच फिरवावा. तो तीन-चार फेरे सहज गेला नाही, तर व्हॉल्व्ह आणि नळी एका रेषेत नाहीत हे उघड आहे. पान्याने ओढून ती रेषा जुळवण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. पण तिरका टेकलेला जोड कितीही आवळला तरी गळतो आणि अखेर नटाचे आटे जातात. अशा वेळी रेडिएटर कंसावर थोडा सरकवावा किंवा उचलून पुन्हा टांगावा.

पाणी सोडताना लॉकशील्ड आधी थोडासाच उघडावा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवावा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. वरच्या तोटीतून हवेची सुरसुर संपून पाणी येऊ लागले की ती बंद करावी, लॉकशील्ड लिहून ठेवलेल्या फेऱ्यांइतका उघडावा आणि थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचे डोके परत बसवावे. बंद प्रणालीत, म्हणजे जिथे पाणी बाहेरच्या हवेच्या संपर्कात न येता फिरते तिथे, थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा. कमी झाला असेल तर भरून घ्यावा, आणि बरेच पाणी काढले असेल तर गंजरोधक रसायनही पुन्हा घालावे.

तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि थंड होताना आकसतो, त्यामुळे गरम असताना कोरडा असलेला जोड रात्री ठिबकू शकतो. म्हणून मी कागदाची एक पट्टी प्रत्येक नटाखाली ठेवून जातो आणि सकाळी, बॉयलर सुरू करण्यापूर्वी, आधी त्या पट्ट्या व मग दाबाचा काटा पाहतो.