रोज पित्ताची गोळी घेताय? आधी जठराला सूज कशाने आली ते शोधा

भाताची लावणी सुरू झाली की आमच्याकडे मेडिकलमध्ये दोन गोळ्या जोडीने खपतात, एक कंबरदुखीची आणि एक पित्ताची. काउंटरवर उभं राहून दर पावसाळ्यात हे बघतो आणि खरंच वाईट वाटतं, कारण पहिली घेतली म्हणून दुसरी लागतेय हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या जठराला आतून एक अस्तर असतं आणि त्यावर चिकट बुळबुळीत थर असतो, त्यामुळे अन्न पचवणारं ॲसिड आपल्यालाच जाळत नाही. तो थर कमी पडला किंवा अस्तराला कशाने इजा झाली की ते सुजतं, त्याला डॉक्टर गॅस्ट्रायटिस म्हणतात. मग बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली जळजळतं किंवा दुखतं, मळमळतं, दोन घास खाल्ले तरी पोट गच्च होतं. पण गंमत म्हणजे काहींना सूज असून काहीच जाणवत नाही आणि काहींना जळजळ भरपूर पण दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) बघितलं तर अस्तर स्वच्छ, त्यामुळे नुसत्या त्रासावरून घरी बसून निदान करू नका.

यात काही गोष्टी दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. संडास डांबरासारखी काळी आणि चिकट होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखं काळपट पडणं, चक्कर येणं, असं काही झालं तर रात्र असली तरी गाडी काढा. (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही संडास काळी होते, ते डॉक्टरांना सांगा.) विनाकारण वजन उतरणं, घास अडकणं, रक्त कमी होत जाणं यालाही डॉक्टर हवाच. आणि छातीत भरल्यासारखं होऊन घाम फुटला, जबडा किंवा हात दुखायला लागला तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका, हार्टचं असू शकतं, शुगरवाल्यांनी तर जास्तच जपायचं.

आता पेनकिलर. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करतात म्हणून दुखणं थांबतं, पण जठरावरचा तो चिकट थर टिकवायचं कामही तेच रसायन करतं. म्हणून "गोळी पोटाला बाधते, सुईच द्या" हे म्हणणं चुकीचं आहे, औषध रक्तातून जातं, सुईने घेतलं तरी थर कमी होणारच. दुसरं, पाकिटाच्या मागचं बारीक वाचायची सवय लावा. पॅरासिटॅमॉल पोटाला त्या मानाने बरंच सौम्य आहे, पण बाजारात पॅरासिटॅमॉलसोबत ॲसिक्लोफिनॅक असलेल्या जोडगोळ्या भरपूर आहेत, आणि आजी म्हणते मी तर साधी तापाची गोळी घेते! फक्त एक, हार्टसाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन लावली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, पोटाचा त्रास सांगा, ते सोबत काय द्यायचं ते बघतील.

दुसरं मोठं कारण जंतू. हेलिकोबॅक्टर पायलोरी. पोटातल्या ॲसिडमध्ये जंतू जगतच नाही असं आधी मानायचे, ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन बघितला आणि काही दिवसात त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच घरातल्यांकडून किंवा घाण पाण्यातून येतो आणि वर्षानुवर्ष पोटात राहतो, म्हणून मे महिन्यात विहिरीने तळ गाठला की पाणी उकळूनच प्या आणि पोराला आपल्या तोंडात चावलेला घास भरवू नका.

त्याची टेस्ट श्वासाची, संडासची किंवा दुर्बिणीतून अस्तराचा छोटा तुकडा काढून होते. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीला किंवा खाली गोव्यात बांबोळीला जाऊन दुर्बीण करायची म्हटलं की लोक घाबरतात, पण रात्रीपासून उपाशी जायचं, घशात बधिर करायचा स्प्रे मारतात आणि काही मिनिटात होतं. जंतूची टेस्ट असेल तर पित्ताची गोळी साधारण २ आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून काय काय घेताय ते सगळं आधी सांगा. जंतू निघाला तर बहुतेक वेळा १४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स असतो. तोंड कडू होतं, पोट बिघडतं, तरी पूर्ण करा, आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलेला जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी परत टेस्ट करून तो गेलाय याची खात्री करायची, आणि हेच बहुतेक जण करत नाहीत.

दारू मग ती फेणी असो की इंग्लिश, अस्तराला थेट इजा करते. विडी, तंबाखू आणि बायका दात घासायला लावतात ती मिश्रीसुद्धा सोडायला हवी.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. मासे बंद करायची गरज नाही. तिखटाने सहसा सूज येत नाही पण सुजलेल्या अस्तराला झोंबतं, म्हणून काही दिवस झणझणीत सार आणि तळलेली तुकडी बाजूला ठेवून हळदीचं पातळ कालवण खा. उकड्या तांदळाची पेज, मऊभात, नाचणीची आंबील फार आंबवलेली नसेल तर, हे छान चालतं. कोकम पित्तावर चांगलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते मुळात आंबट, सूज असताना सोलकढीने जळजळ वाढली तर काही दिवस सोडा, काहींना काहीच होत नाही. थंड दूध घेतलं की लगेच बरं वाटतं आणि थोड्या वेळाने ॲसिड उलट वाढतं. शिमग्यात, गणपतीत जागरण आणि रिकाम्या पोटी कोऱ्या चहावर चहा हे टाळा, थोडं थोडं खा, झोपायच्या २-३ तास आधी जेवण उरका.

पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गोळ्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायच्या, जेवून घेतल्या तर पुरता उपयोग होत नाही. खायच्या सोड्याची सवय नको, त्यात सोडियम असतं, बीपीवाल्यांना ते वाईट. आणि ही पित्ताची गोळी वर्षानुवर्ष चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि एकदम तोडू नका कारण अचानक बंद केली की ॲसिड काही दिवस उसळतं आणि माणसाला वाटतं आपल्याला गोळीशिवाय जमतच नाही, डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू कमी करत आणा.