शेरी पिंपातली सिंगल मॉल्ट चाखताना या चुका टाळा

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाकडे उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना स्पे नदीच्या खोऱ्यातल्या सिंगल मॉल्टच्या, म्हणजे एकाच ठिकाणी फक्त मोड आणलेल्या जवापासून गाळलेल्या व्हिस्कीच्या, डिस्टिलऱ्या पाहायच्या असतात. तिथून परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर बाटल्या मांडल्या जातात, कोणती सरस आणि कोणती फुसकी याचे निकाल दहा मिनिटांत लागतात, आणि ते निकाल बहुतेक वेळा चुकीचे असतात. त्याचे खापर पिणाऱ्याच्या जिभेवर फोडण्यात अर्थ नाही, कारण चाखण्याची पद्धतच अशी असते की कोणत्याही जिभेला न्याय करता येऊ नये.

सर्वांत मोठी चूक पेल्यांच्या क्रमाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. शेरी पिंपातल्या, म्हणजे शेरी ही स्पॅनिश वाइन मुरलेल्या पिंपात ठेवलेल्या, व्हिस्की 40 टक्के अल्कोहोलपासून साधारण 60 टक्क्यांपर्यंत मिळतात आणि नवशिक्या माणसाचा हात हमखास 60 टक्क्यांच्या बाटलीकडे आधी जातो. पुण्याहून आलेल्या एका ज्येष्ठ पाहुण्यांना परत जाताना बाटल्या न्यायच्या होत्या. भारतात विनाशुल्क दोनच लिटर मद्य नेता येते आणि 700 मिलिलिटरच्या तीन बाटल्या म्हणजे 2.1 लिटर होतात, त्यामुळे तिनांतून दोन निवडणे भाग होते. निवड सोपी व्हावी म्हणून मी माझ्या कपाटातल्या त्याच तीन बाटल्या काढल्या: 60 टक्क्यांची ग्लेनफार्क्लस 105, 46 टक्क्यांची ग्लेनफार्क्लस 15 आणि 43 टक्क्यांची टॅमडू 12 (यांतले 15 आणि 12 म्हणजे व्हिस्कीचे वय). काकांनी 105 उचलून बिनपाण्याचीच ओतली. "काका, शेवटी घ्या ती, किंवा थोडं पाणी तरी घाला," असे मी म्हटल्यावर, "एवढ्या महाग व्हिस्कीत पाणी घालायला मी काय वेडा आहे?" असे उत्तर मिळाले. दोन घोटांनी डोळ्यांत पाणी आले, पण चेहऱ्यावर समाधान होते. त्यानंतर टॅमडूचा पेला नाकाशी नेऊन त्यांनी तो लगेच खाली ठेवला. "यात शेरीचा पत्ताच नाही, नुसतं पाणी आहे," असे म्हणून त्यांनी टॅमडू यादीतून खोडली. ठेचा खाल्ल्यावर लगेच वरणात मीठ कमी आहे म्हणण्यासारखाच हा निवाडा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच तीन पेले उलट क्रमाने मांडले. टॅमडू पहिली आली, मग 15, आणि 105 मध्ये मोजून पाणी घातले. माझ्याकडे त्यासाठी लहान मुलांना औषध पाजायची पिचकारी आहे. 60 टक्क्यांच्या 20 मिलिलिटर व्हिस्कीत 6 मिलिलिटर पाणी घातले की ती साधारण 46 टक्क्यांवर येते, म्हणजे शेजारच्या पेल्याच्या बरोबरीला. काका टॅमडूवर बराच वेळ रेंगाळले. आधी मनुका, मग दालचिनी आणि शेवटी संत्र्याची साल असे एकेक सांगत गेले. पातळ केलेल्या 105 मध्ये त्यांना आदल्या दिवशी न सापडलेला सुक्या अंजिराचा वास मिळाला, पण ती आता इतकी "मर्दानी" राहिली नाही म्हणून ते थोडे खट्टू झाले. विमानतळावर गेल्या त्या बाटल्या टॅमडू आणि ग्लेनफार्क्लस 15.

पाणी घालणे म्हणजे व्हिस्की बिघडवणे, हा समज आपल्याकडे विचित्र आहे, कारण तीच माणसे घरी सोड्याचा आख्खा ग्लास भरतात. 2017 मध्ये स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे दाखवले की व्हिस्कीतला ग्वायाकोल हा गंधरेणू 45 टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमध्ये द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो आणि 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन आत ढकलला जातो. नाकाला जे पृष्ठभागावर मिळते तेच मिळते. म्हणून तुलना करायची असेल तर सगळे पेले एका पातळीवर आणा, नाहीतर मुळातच एका पातळीच्या बाटल्या निवडा. टॅमडू 12, ग्लेनफार्क्लस 12 आणि ग्लेनड्रोनाख 12 या तिन्ही 43 टक्क्यांच्या, तिन्ही बारा वर्षांच्या आणि तिन्ही शेरीच्या वळणाच्या असूनही एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या आहेत. शिकण्यासाठी याहून चांगला संच मला माहीत नाही, आणि तरीही लोक थेट अठरा वर्षांच्या बाटलीवर पैसे उडवतात.

रंग पाहून वय ठरवू नका. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे आणि जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर तो घातल्याचा उल्लेख करावा लागतो. म्हणून शंका आली की मी जर्मन दुकानांच्या संकेतस्थळावर त्या बाटलीच्या लेबलाचे छायाचित्र शोधतो. रंग न घातलेल्या व्हिस्कीतसुद्धा गडदपणा प्रामुख्याने लाकडाचा आणि पिंप कितव्यांदा भरले आहे याचा असतो. पहिल्यांदाच भरलेल्या युरोपीय ओकच्या पिंपातली दहा वर्षांची व्हिस्की तिसऱ्यांदा भरलेल्या पिंपातल्या वीस वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा सहज काळी दिसते. पेल्यांना बाहेरून पोळी गुंडाळायची ॲल्युमिनियमची चकाकणारी पट्टी लावा, तळाला आकडे लिहा आणि मग बोला. या एका उपायाने पाहुण्यांचा निम्मा आत्मविश्वास उतरतो.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे: "शेरी" ही एकच चव आहे असे समजणे. स्पेनच्या हेरेस भागात होणाऱ्या या वाइनचे प्रकार एकमेकांपासून फार दूर आहेत. फिनो ही यीस्टच्या थराखाली मुरते, फिकट आणि कोरडी असते. ओलोरोसो हवेच्या संपर्कात मुरते, गडद होते, पण तीही मुळात कोरडीच असते. पेद्रो हिमेनेस मात्र उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची असते आणि तिच्यात लिटरमागे दोनशे ग्रॅमहून अधिक साखर असते. ओलोरोसो पिंपातल्या व्हिस्कीत अक्रोड, सुकी साल आणि मसाल्याचा कडवटपणा मिळाला की पाहुणे "शेरी कमी पडली" म्हणतात, कारण त्यांच्या मनातली शेरी म्हणजे पेद्रो हिमेनेसचा गूळ. आणि खरे म्हणजे व्हिस्कीत ती साखर जवळजवळ उतरतच नाही. गोड वाटते तो गंधाचा परिणाम असतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाकूड. शेरीची पिंपे युरोपीय ओकची असतात तशीच अमेरिकन ओकचीही असतात. युरोपीय ओक तुरटपणा, लवंग आणि सुका मेवा देतो. अमेरिकन ओक व्हॅनिला आणि नारळाकडे झुकतो. ज्याला लोक शेरीचा मसाला म्हणतात, तो पुष्कळदा लाकडाचा मसाला असतो. हे समजून घ्यायचे असेल तर मॅकॅलन शेरी ओक 12 आणि मॅकॅलन डबल कास्क 12 शेजारी ठेवावीत. डिस्टिलरी एक, वय एक, ब्रिटनमध्ये दोन्ही 40 टक्क्यांच्या, दोन्ही शेरी मुरवलेल्या पिंपांतल्या. फरक इतकाच की दुसरीत अमेरिकन ओकचाही भरपूर वाटा आहे. त्या दोन पेल्यांनी जे कळते ते बारा वेगवेगळ्या बाटल्यांनी कळत नाही.

डिस्टिलरीच्या दुकानात ऐकू येणारी "सोलेरातली शंभर वर्षांची पिंपे" ही कथा सोडून द्या. सोलेरा म्हणजे शेरी मुरवण्यासाठी रचलेली पिंपांची उतरंड. तिच्यातली पिंपे बोडेगावाले, म्हणजे शेरी मुरवणारे, सहसा विकत नाहीत आणि ती इतकी जुनी झालेली असतात की त्यांच्यातून व्हिस्कीला फारसे काही मिळत नाही. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला येत असे आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाले उचलत. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि हा पुरवठा आटला. आता व्हिस्कीसाठीच नवी पिंपे बनवून त्यांत वर्ष-दोन वर्षे शेरी मुरवतात आणि मग ती स्कॉटलंडला पाठवतात. यात लबाडी काहीच नाही, फक्त विक्रेत्यांना ते पुरेसे रम्य वाटत नाही.

लेबलावर "फिनिश" असेल तर ती व्हिस्की आधी बहुधा बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात राहून शेवटचे काही महिने शेरीच्या पिंपात गेलेली असते. बाल्व्हेनी डबलवुड 12 ही त्यातली चांगली बाटली आहे, पण तिची तुलना जन्मभर शेरी पिंपात राहिलेल्या व्हिस्कीशी करून तिला कमी ठरवणे अन्याय आहे.

विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर बाटली फेकू नका आणि नकली असल्याची ओरडही करू नका. पिंपे टिकवण्यासाठी त्यांत गंधक जाळण्याची जुनी पद्धत आहे, शिवाय गंधकाची काही संयुगे आसवनातूनही येतात. काहींना हा वास अजिबात जाणवत नाही, काहींना एका थेंबात जाणवतो. पेला वीस मिनिटे उघडा ठेवा. तरीही राहिला तर स्वच्छ तांब्याच्या तुकड्याने थोडे ढवळा, कारण गंधकाच्या काही संयुगांना तांबे धरून ठेवते. ऊर्ध्वपातनाची भांडी तांब्याची असतात त्याचे एक कारण हेच आहे. घरात तांब्याची एकच वस्तू, म्हणजे देवघरातली पळी असेल, तर मात्र हा प्रयोग आईला न सांगता करण्याची माझी हिंमत नाही.

स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी पडलेली असताना चाखायला बसू नका. चकली, शेव, तळलेले बोंबील हे सगळे नंतर. रुंद तोंडाचे जाड ग्लास आणि बर्फ गप्पांसाठी ठीक आहेत, तुलनेसाठी नाहीत. हेरेसमध्ये शेरीसाठीच वापरतात तो निमुळता छोटा पेला सर्वांत उत्तम. एका बैठकीत तीनच पेले, प्रत्येकात 15 मिलिलिटर. सहा पेले मांडणाऱ्याला चौथ्यानंतर सगळेच आवडते.

एका दिवसात चार डिस्टिलऱ्या उरकणाऱ्यांबद्दल मी फारसे चांगले बोलू शकत नाही. गाडी चालवणाऱ्याने तर तोंडही लावू नये. स्कॉटलंडमध्ये 2014 पासून मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कडक आहे आणि उर्वरित ब्रिटनची 80 ची सवलत इथे चालत नाही. बहुतेक डिस्टिलऱ्या चालकाला त्याचा वाटा छोट्या बाटल्यांत भरून देतात. त्या घरी आणून शांतपणे चाखणारा चालकच शेवटी सगळ्यांत अचूक मत देतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

नुकतीच फोडलेली बाटली आणि वर्षभर उघडी, तळाशी आलेली बाटली यांची तुलना करू नका. दुसरीतली हवा गंध बोथट करते. बाटली तिसऱ्या हिश्श्यावर आली की मी ती 100 मिलिलिटरच्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवतो. व्हिस्कीची बाटली वाइनसारखी आडवी कधीही ठेवू नये, कारण तीव्र अल्कोहोलने बूच झिजते आणि त्याचा कुबट वास आत उतरतो. आणि बूच तुटलेच तर जुन्या बाटल्यांची धुऊन वाळवलेली दोन-चार बुचे खणात असू द्यावीत.