मोटारसायकलचा ट्यूबलेस टायर घरी बदलताना

व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा पूर्ण सोडावी, टायरच्या दोन्ही कडा रिमपासून सुट्या कराव्यात आणि ब्रेकची डिस्क जमिनीला टेकणार नाही अशा रीतीने चाक लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवावे. यानंतर बहुतेकांची शक्ती चुकीच्या जागी खर्च होते. लिव्हरच्या (टायरची कडा उचलण्याच्या पट्टीच्या) समोरची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरली, तर साबणाच्या पाण्याने ओली केलेली अलीकडची कडा थोड्या जोरानेही बाहेर येते. नुसताच जोर लावत राहिल्यास कडेतील तार किंवा रिम दुखावते. नव्या टायरवरील बाण फिरण्याच्या दिशेने असावा आणि हलक्या बाजूची खूण दिलेली असल्यास ती व्हॉल्व्हजवळ यावी.

तोल पाहण्यासाठी चाक ॲक्सलसह (मधल्या दांड्यासह) दोन टेकूंवर मोकळे फिरू द्यावे. (बेअरिंग घट्ट असेल, तर ही सारी खटपट व्यर्थ आहे.) चाक थांबते तेव्हा जड बाजू खाली येते, तिच्या नेमके विरुद्ध, वरच्या बाजूला, 5 ग्रॅमची वजने तात्पुरती लावत जावे आणि कोणत्याही स्थितीत सोडलेले चाक स्थिर राहू लागले, की रिम स्वच्छ पुसून ती कायमची चिकटवावीत.