संध्याकाळी ओळंब्यात, सकाळी १४ मिमी बाहेर

बंगल्याच्या साइटवर प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या भिंती उभ्या करत होतो. एक पॅनल ९ फूट उंच, १० फूट लांब, १५० मिमी जाड. म्हणजे वजन तीन टनांच्या वर. संध्याकाळी चोख ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभं लावलेलं पॅनल सकाळी वरच्या टोकाला १४ मिमी बाहेर!

प्रॉप, म्हणजे भिंतीला दिलेले टेकू, ठीक होते; त्यांचे पाय सरकले होते. खाली कोबा झाला नव्हता, म्हणून प्रॉपच्या पायाच्या प्लेटा भरावातच खुंट्या ठोकून बसवलेल्या. रात्री पाऊस पडला, माती मऊ झाली. मुकादम आदल्या दिवशीच म्हणाला होता, "साहेब, हे टिकायचं नाय." मला घाई होती.

आधी सगळ्यांना भिंतीपासून लांब केलं. क्रेन बोलावून पॅनल हुकावर धरलं. दोन टनी तयार काँक्रीटचे ठोकळे आणून प्लेटा त्यांनाच बोल्टने आवळल्या. मग दोन्ही प्रॉपचे लांबी कमी-जास्त करणारे आटे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरवले. एकच फिरवत राहिलं की पॅनल पिळतं. ओळंबा जुळला, पिना लागल्या, तेव्हा कुठे हुक सोडला.

प्रॉप आम्ही छताचा स्लॅब जोडून ग्राउट (सांध्यात भरलेला सिमेंटचा पातळ मसाला) पक्कं होईपर्यंत काढले नाहीत. प्लंबर रोज कुरकुरायचा, वाटेत येतात म्हणून.