जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी खाच झाका

कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या काळातल्या फ्लॉपीवरचा डेटा काढून घ्यायचा असेल, तर एका चुकीच्या कमांडने तो पुसला जाऊ शकतो. म्हणून फ्लॉपी आत सरकवण्याआधीच लेखनबंद करा.

१. सव्वापाच इंची: कडेची चौकोनी खाच चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी नीट झाका. खाच झाकली की लिहिणं बंद.

२. साडेतीन इंची: कोपऱ्यातली छोटी प्लास्टिकची खिट्टी सरकवून भोक उघडं करा. इथे उलटं आहे, भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. समोरच्या कोपऱ्यातलं बिनखिट्टीचं भोक एचडी (जास्त क्षमतेच्या) फ्लॉपीची खूण असते, त्याला हात लावू नका.

८ इंची फ्लॉपी हाती लागलीच तर तिथे खाच उघडी असली की लिहिणं बंद असतं. सवयीने झाकाल तर फसाल!

चिकटपट्टी काळी किंवा चंदेरी, अपारदर्शकच हवी. कमोडोरची १५४१ ड्राइव्ह खाच प्रकाशाने ओळखते, त्यामुळे पारदर्शक सेलोटेप तिला दिसतच नाही आणि ती बिनदिक्कत लिहीत सुटते. पट्टीची कडा नखाने घट्ट दाबा, सुटलेली पट्टी ड्राइव्हमध्ये अडकते.