इन्व्हॉइस की रिसीट? नवीन आलेल्यांनी कोणता कागद कधी मागायचा

मराठीत आपण दोन्हींना सरसकट ‘बिल’ म्हणतो, आणि परदेशात आल्यावर पहिला घोळ इथेच होतो. इन्व्हॉइस म्हणजे पैशांची मागणी, रिसीट म्हणजे पैसे मिळाल्याची पावती. ऑफिसात खर्चाचा परतावा मागताना नुसतं इन्व्हॉइस जोडलंत, तर अकाउंट्सवाले बहुधा ते परत पाठवतील. पैसे तुम्ही भरलेत, हे त्यावरून ठरत नाही.

इन्व्हॉइसवर आधी मुदत बघा. ‘नेट ३०’ म्हणजे सहसा इन्व्हॉइसच्या तारखेपासून ३० दिवसांत पूर्ण रक्कम. मेल उघडलीत त्या दिवसापासून नव्हे. ‘२/१०, नेट ३०’ असेल तर १० दिवसांत भरल्यास २ टक्के सूट. ती सोडू नका. ‘ड्यू ऑन रिसीट’पाशी मात्र नवखे हमखास अडकतात. इथल्या रिसीटचा पावतीशी काही संबंध नाही. इन्व्हॉइस मिळताच पैसे भरा, एवढाच अर्थ. पावती आल्यावर भरू म्हणून थांबलात, तर विलंब शुल्क लागू शकतं.

बँकेतून पैसे पाठवताना रेफरन्सच्या रकान्यात इन्व्हॉइस नंबर जसाच्या तसा टाका. तो नसला की पैसे पोचतात, पण कोणाच्या खाती जमा करायचे ते समोरच्याला कळत नाही, आणि भरलेल्या रकमेसाठी तगादा सुरू होतो. ‘आमचं बँक खातं बदललंय’ अशी मेल आली, तर मेलमधल्या नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. या फसवणुकीत गेलेले पैसे परत मिळणं फार कठीण.

कार्ड मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीवर बरेचदा फक्त रक्कम असते. परताव्यासाठी वस्तूंची यादी असलेली रिसीट वेगळी मागून घ्या. घरभाडं रोखीने देत असाल तर रिसीट हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका. त्यावर महिना, रक्कम, तारीख आणि सही हवी. अर्धेच दिले असतील तर ‘पार्ट पेमेंट’ आणि उरलेली बाकी, दोन्ही लिहून घ्या.

चकचकीत थर्मल कागदावरची छपाई ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पाकिटाने उडते. त्याच दिवशी फोटो काढा आणि फाइलच्या नावात इन्व्हॉइस नंबर घाला.

प्रोफॉर्मा इन्व्हॉइस दिसायला तसंच असतं, पण ते व्यवहाराआधीचं अंदाजपत्रक. हिशेबासाठी त्यानंतरचं अंतिम इन्व्हॉइस मागून घ्या.